पृथ्वीचा कक्षीय वेग

सूर्याभोवतीच्या कक्षेत पृथ्वी ज्या वेगाने परिभ्रमण करते, त्यास तिचा कक्षीय वेग म्हणतात. त्याचे सरासरी मूल्य सेकंदाला २९·७८ किमी., म्हणजे ताशी सु. १,०७,२०० किमी. आहे. एका दिवसात पृथ्वी सु. २५·७ लाख किमी., म्हणजे स्वतःच्या व्यासाच्या सु. २०२ पट अंतर कापते. तिची कक्षा विवृत्ताकार (लंबवर्तुळाकार) असल्याने हा वेग वर्षभर सारखा नसतो. जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात पृथ्वी सूर्याला सर्वांत जवळ, सु. १४·७१ कोटी किमी. अंतरावर असते, तेव्हा तो सेकंदाला ३०·२९ किमी. असतो. जुलैच्या पहिल्या आठवड्यात ती सर्वांत दूर, सु. १५·२१ कोटी किमी. अंतरावर असते, तेव्हा तो २९·२९ किमी. होतो. पहिल्या स्थानास उपसूर्य व दुसऱ्यास अपसूर्य बिंदू म्हणतात.

या वेगाचे गणित वरवर पाहता सोपे आहे. कक्षेचा परिघ सु. ९४ कोटी किमी. आहे व ताऱ्यांच्या संदर्भात एक प्रदक्षिणा पूर्ण होण्यास ३६५·२५६ दिवस, म्हणजे सु. ३ कोटी १५ लाख ५८ हजार सेकंद लागतात. पहिल्या संख्येस दुसरीने भागले की वेग मिळतो. तथापि या दोन संख्या मानवाला सारख्या सुलभतेने मिळालेल्या नाहीत. वर्षाची लांबी आणि सूर्याचे आकाशातील रोजचे सरकणे ही केवळ डोळ्यांनी, शंकूच्या छायेने किंवा क्षितिजावरील खुणांनी मोजता येतात. त्यामुळे पृथ्वीचा कोनीय वेग, म्हणजे दिवसाला सरासरी ५९ कला ८ विकला, हा दीड हजार वर्षांहून अधिक काळ माहीत होता (६० विकला = १ कला; ६० कला = १ अंश). सूर्याचे अंतर मात्र सतराव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत कोणासही खऱ्या मूल्याच्या जवळपास सांगता आले नाही. कक्षीय वेगाच्या शोधाचा इतिहास हा मुख्यतः या एका अंतराच्या शोधाचा इतिहास होय.

कोल्हापूरचा किरणोत्सव : कोनाचे मापन साध्या साधनांनी कसे साधते, याचे एक बोलके उदाहरण कोल्हापूर येथील श्री महालक्ष्मी (अंबाबाई) मंदिराच्या किरणोत्सवात आढळते. हे मंदिर पश्चिमाभिमुख असून वर्षातून दोनदा मावळत्या सूर्याचे किरण महाद्वारातून आत येऊन गरुड मंडप व कासव चौक ओलांडीत गाभाऱ्यातील मूर्तीपर्यंत पोहोचतात. परंपरेने ९, १० व ११ नोव्हेंबर आणि ३१ जानेवारी, १ व २ फेब्रुवारी हे या उत्सवाचे दिवस मानले जातात. पहिल्या दिवशी किरण देवीच्या चरणांवर, दुसऱ्या दिवशी मध्यभागी व तिसऱ्या दिवशी मुखापर्यंत पोहोचतात, अशी समजूत आहे. प्रत्यक्षात ढग, हवेतील धूळ व बाष्प आणि महाद्वाराच्या पश्चिमेस उभ्या राहिलेल्या इमारतींचे अडथळे यांमुळे काही वर्षी किरण पूर्ण उंचीपर्यंत जात नाहीत.

बहुतेक हिंदू सण चांद्र तिथीनुसार येतात. त्यामुळे इंग्रजी दिनांकाच्या दृष्टीने ते दरवर्षी मागेपुढे होतात. किरणोत्सवाचे दिनांक मात्र स्थिर आहेत, कारण ते केवळ सूर्याच्या क्रांतीवर (खगोलीय विषुववृत्तापासूनच्या कोनीय अंतरावर) अवलंबून आहेत. १० नोव्हेंबर व १ फेब्रुवारी या दोन्ही दिवशी सूर्याची क्रांती सु. १७° दक्षिण असते. कोल्हापूरचा अक्षांश सु. १६° ४२′ उत्तर असल्याने अशा दिवशी सूर्य क्षितिजास टेकताना खऱ्या पश्चिमेच्या सु. १८° दक्षिणेस असतो. म्हणजे महाद्वारातून गाभाऱ्याकडे जाणारी प्रकाशरेषा नेमकी पूर्व-पश्चिम नसून तिचे पश्चिमेकडील टोक काहीसे दक्षिणेस झुकलेले आहे. डिसेंबरच्या २२ तारखेच्या सुमारास, दक्षिणायन संपताना, सूर्यास्ताचे स्थान पश्चिमेच्या सु. २४·५° दक्षिणेस जाते व तेथून परत फिरते. जाताना एकदा व येताना एकदा ते त्याच रेषेवर येते, म्हणून उत्सव दोनदा होतो. दोन्ही उत्सव दक्षिणायनाच्या अंतापासून सारख्याच, म्हणजे ४१–४२ दिवसांच्या अंतरावर येतात.

उत्सव मोजकेच दिवस का टिकतो, याचे उत्तरही पृथ्वीच्या गतीत आहे. या काळात सूर्याची क्रांती रोज सु. १७ कलांनी बदलते व सूर्यास्ताचे स्थान क्षितिजावर रोज सु. १८ कला सरकते. सूर्यबिंबाचा व्यास सु. ३२ कला असल्याने हे सरकणे रोज अर्ध्या बिंबाहून किंचित अधिक होते. तीन दिवसांत सूर्य आपल्या बिंबाएवढा बाजूस जातो आणि लांब, अरुंद मार्गातून येणारा प्रकाश मूर्तीवर पडेनासा होतो. पृथ्वी आपल्या कक्षेत पुढे सरकत असल्याची ही उघड्या डोळ्यांना दिसणारी खूण होय.

या दोन उत्सवांमधील दिवसांवरून आणखी एक गोष्ट निष्पन्न होते. १० नोव्हेंबर ते १ फेब्रुवारी हे अंतर ८३ दिवसांचे आहे. या दोन दिवशीच्या क्रांतींवरून गणित केले असता सूर्य तेवढ्या अवधीत क्रांतिवृत्तावर (आकाशातील आपल्या वार्षिक मार्गावर) सु. ८४·२° पुढे गेलेला आढळतो, म्हणजे दिवसाला सु. ६०·९ कला. १ फेब्रुवारी ते १० नोव्हेंबर या उरलेल्या सु. २८२ दिवसांत तो २७५·८° जातो, म्हणजे दिवसाला सु. ५८·६ कला. हिवाळ्यातील गती वर्षाच्या सरासरीपेक्षा अधिक आहे, हे यावरून स्पष्ट होते. त्याचे कारण असे की, उपसूर्य बिंदू याच ८३ दिवसांत येतो. वसंतसंपातापासून शरत्संपातापर्यंत सु. १८६ व शरत्संपातापासून वसंतसंपातापर्यंत सु. १७९ दिवस लागतात, तेही याच कारणाने.

मंदिर ही काही वेधशाळा नव्हे. प्रकाशाचा पट्टा रुंद असतो व उत्सव एका क्षणाचा नसून काही दिवसांचा असतो. म्हणून वरील आकडे किरणोत्सवावरून नव्हे, तर सूर्याच्या क्रांतीवरून काढलेले आहेत. परंतु ठराविक दिशा दाखविणारी स्थिर वास्तू आणि दिवसांची मोजणी एवढ्यावर सूर्याच्या, म्हणजेच पृथ्वीच्या, कोनीय गतीतील वार्षिक चढउतारापर्यंत कसे पोहोचता येते, हे त्यावरून समजते. त्याच वेळी या साधनाची मर्यादाही ध्यानात येते. सूर्य आज आहे त्याच्या दहापट जवळ आणि तितकाच लहान असता, तरी त्याच दिवशी, त्याच वेळी, तेच किरण त्याच ठिकाणी पडले असते. या ८३ दिवसांत पृथ्वी सु. २१·७ कोटी किमी. प्रवास करते, ही गोष्ट कोणत्याही एका जागेवरून पाहिलेल्या सूर्यास्तावरून कळणे शक्य नाही.

सिद्धांतग्रंथांतील गतियोजने : प्राचीन भारतीय ज्योतिषशास्त्रात पृथ्वी स्थिर व सूर्य फिरता मानून गणित केलेले आहे. आर्यभट (जन्म ४७६) यांनी पृथ्वीचे अक्षीय परिवलन मानले होते. परंतु वार्षिक गती त्यांनीही सूर्याकडेच दिली. कोनीय गतीच्या दृष्टीने या भेदाने फरक पडत नाही, कारण पृथ्वीवरून पाहिले असता दोन्ही कल्पनांत कोन तोच राहतो. सूर्याची मध्यम दैनिक गती ५९ कला ८ विकला ही सूर्यसिद्धांतादी ग्रंथांत आढळते व ती आधुनिक मूल्याशी जुळते. गती कमीजास्त होते हेही ठाऊक होते. ज्या बिंदूपाशी ती किमान होते त्यास मंदोच्च आणि मध्यम व स्पष्ट स्थानांतील फरकास मंदफल म्हणत. सूर्याचे परम मंदफल या ग्रंथांत सु. २° १०′ आहे; आधुनिक मूल्य सु. १° ५५′ आहे.

या परंपरेतील गतिविचार भास्कराचार्य (जन्म १११४) यांनी सर्वांत सूक्ष्म केला. सिद्धांतशिरोमणी (११५०) या ग्रंथात त्यांनी दोन दिवसांच्या स्थानांतील फरकावरून मिळणारी स्थूल गती आणि विशिष्ट क्षणीची तात्कालिक गती यांत भेद केला व दुसरीचे गणित ज्येच्या वाढीच्या नियमावरून दिले. कलन गणिताच्या (कॅल्क्युलसच्या) मूळ कल्पनेजवळ जाणारा हा विचार आहे. त्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी त्यांचा नातू चांगदेव याने मठ स्थापिल्याचा उल्लेख असलेला १२०७ चा शिलालेख जळगाव जिल्ह्यात चाळीसगावजवळील पाटण येथे आहे.

सिद्धांतकारांनी केवळ कोनावर न थांबता योजनांत वेगही दिला आहे. त्यांची रीती अशी : चंद्राच्या कक्षेवर एका कलेची लांबी १५ योजने धरली जाई. त्यावरून चंद्राची कक्षा (२१,६०० × १५ =) ३,२४,००० योजने होते. चंद्राची मध्यम दैनिक गती ७९० कला ३५ विकला असल्याने तो दिवसाला ११,८५८¾ योजने जातो. यानंतर सर्व ग्रह दिवसाला सारखीच योजने चालतात, असे गृहीत धरलेले होते. जो ग्रह आकाशात मंद दिसतो तो दूर आहे म्हणून मंद दिसतो, एवढाच त्याचा अर्थ केला जाई. या गृहीतावरून सूर्याची कक्षा सु. ४३,३१,५०० योजने ठरते.

भास्कराचार्यांनी पृथ्वीचा व्यास १,५८१ योजने दिला आहे. त्या मापाने ११,८५८¾ योजने म्हणजे दिवसाला साडेसात पृथ्वीव्यास होतात. चंद्राच्या बाबतीत हा आकडा सत्याजवळ आहे. चंद्र खरोखरच दिवसाला सु. सात पृथ्वीव्यास एवढे अंतर कापतो. सूर्याच्या (म्हणजे पृथ्वीच्या) बाबतीत मात्र खरी संख्या २०२ असल्याने तो सु. २७ पट कमी पडतो. चंद्राचे अंतर त्याच्या लंबनावरून (पृथ्वीवरील दोन ठिकाणांहून दिसणाऱ्या स्थानांतील फरकावरून) पारखता येत होते. सूर्याच्या अंतरामागे मापन नव्हते, गृहीत होते. त्यानुसार सूर्याचे परम लंबन त्याच्या दैनिक गतीचा पंधरावा भाग, म्हणजे सु. ३ कला ५६ विकला येते. प्रत्यक्षात ते केवळ ८·८ विकला आहे व दुर्बिणीवाचून मोजता येत नाही.

ही चूक शतकानुशतके का उघडकीस आली नाही, याचे कारण गणिताच्या उपयोगात आहे. पंचांगास तिथी, नक्षत्र, संक्रांत व ग्रहण लागतात आणि त्यांचे गणित कोनांवर चालते. ग्रहणाच्या लंबनात चंद्राचा वाटा सूर्याच्या वाट्याहून पुष्कळ मोठा असल्याने सूर्याच्या लंबनातील चूक झाकली जाते. गणेश दैवज्ञांच्या ग्रहलाघवावरून (१५२०) महाराष्ट्रात तीन शतकांहून अधिक काळ पंचांगे तयार झाली. त्यांत सूर्य किती योजने दूर आहे, हा प्रश्न उपस्थित होण्याचे कारणच नव्हते.

ग्रीक काल ते केप्लर : पाश्चात्त्य परंपरेची स्थिती याहून फारशी निराळी नव्हती. ॲरिस्टार्कस (इ. स. पू. सु. ३१०–२३०) यांनी पृथ्वी सूर्याभोवती फिरते असे सुचविले व सूर्य चंद्रापेक्षा १८ ते २० पट दूर असल्याचे अनुमान केले, वस्तुतः तो सु. ३९० पट दूर आहे. टॉलेमी (इ. स. दुसरे शतक) यांनी सूर्याचे अंतर १,२१० पृथ्वीत्रिज्या दिले. ते खरे मानल्यास वेग दिवसाला सु. १०·४ पृथ्वीव्यास येतो. कोपर्निकस यांनी १५४३ मध्ये सूर्यकेंद्रीय व्यवस्था मांडली, तरी सूर्याच्या अंतराचा त्यांचा आकडा टॉलेमींच्या आकड्याच्या आसपासच राहिला. पृथ्वी फिरते हे मान्य झाल्याने ती किती वेगाने फिरते हे आपोआप कळले नाही.

केप्लर यांच्या नियमांनी (१६०९ व १६१९) या प्रश्नाचे स्वरूप पालटले. सूर्य व पृथ्वी यांना जोडणारी रेषा सारख्या काळात सारखे क्षेत्रफळ आक्रमिते, या दुसऱ्या नियमाने वेगातील वार्षिक चढउताराचा उलगडा झाला. तिसऱ्या नियमानुसार प्रदक्षिणाकालाचा वर्ग सूर्यापासूनच्या सरासरी अंतराच्या घनाच्या प्रमाणात असतो. दूरचा ग्रह केवळ मंद दिसत नाही, तर खरोखरच मंद चालतो, हे त्यावरून सिद्ध झाले व सर्व ग्रहांचा वेग समान असल्याचे गृहीत निकालात निघाले. सूर्यकुलाचा नकाशा प्रमाणबद्ध झाला; परंतु त्याची मोजपट्टी उपलब्ध नव्हती. कोणत्याही एका ग्रहाचे पृथ्वीपासूनचे अंतर किमी.मध्ये कळले असते, तर सर्व अंतरे व सर्व वेग एकदम कळले असते.

हे मापन प्रथम मंगळाने शक्य केले. १६७२ मध्ये मंगळ पृथ्वीच्या जवळ आला असता झां रीशे यांनी दक्षिण अमेरिकेतील केयेन येथून व जी. डी. कासीनी यांनी पॅरिस येथून त्याचे वेध घेतले. त्यांवरून सूर्याचा पराशय (लंबन) सु. ९·५ विकला व अंतर सु. १४ कोटी किमी. निघाले. त्यावरून कक्षीय वेग सेकंदाला सु. २८ किमी. येतो. खऱ्या मूल्याच्या दहा टक्क्यांच्या आत येणारे हे पहिले निर्धारण होय.

अपेरणाचा पुरावा : आतापर्यंतच्या सर्व रीतींत अंतर आधी व वेग नंतर, असा क्रम होता. इंग्रज ज्योतिर्विद जेम्स ब्रॅडली यांच्या शोधाने तो उलटा झाला. कालेय तारकासमूहातील गॅमा या ताऱ्याचे वेध १७२५ पासून घेत असता तो वर्षभरात लहानशा कक्षेत सरकतो, असे आढळून आले. हे सरकणे ताऱ्याच्या पराशयामुळे अपेक्षित असलेल्या दिशेने नव्हते. प्रकाशाचा वेग मर्यादित असून पृथ्वी स्वतः गतिमान असल्याने प्रकाश येण्याची दिशा किंचित बदललेली भासते, असे ब्रॅडली यांनी १७२८ मध्ये ओळखले. वारा नसताना सरळ पडणाऱ्या पावसातही चालणाऱ्यास छत्री पुढे कलती धरावी लागते व चाल जितकी जलद तितका कल अधिक लागतो, तसाच हा प्रकार आहे. या आविष्कारास अपेरण म्हणतात.

अपेरणाचा कोन ब्रॅडली यांना सु. २०·२ विकला मिळाला. आधुनिक मूल्य सु. २०·५ विकला आहे. त्यावरून प्रकाशाचा वेग पृथ्वीच्या वेगाच्या सु. दहा हजार पट ठरतो. पृथ्वी फिरते याचा हा पहिला प्रत्यक्ष पुरावा होता आणि त्यात सूर्याच्या अंतराचा संबंध नव्हता. मात्र हे केवळ गुणोत्तर होते. फूको यांनी १८६२ मध्ये फिरत्या आरशाच्या साहाय्याने प्रकाशाचा वेग प्रयोगशाळेत मोजला व तो सेकंदाला सु. २,९८,००० किमी. निघाला. यास अपेरणाच्या गुणोत्तराने भागता पृथ्वीचा वेग सु. २९·५ किमी. येतो. या वेगावरून कक्षेचा परिघ व त्यावरून सूर्याचे अंतर काढता आले.

शुक्राची अधिक्रमणे : शुक्र सूर्यबिंबावरून जाताना दिसतो त्यास त्याचे अधिक्रमण म्हणतात. पृथ्वीवरील दूरदूरच्या ठिकाणांहून अधिक्रमणाच्या वेळा नोंदविल्यास सूर्याचा पराशय काढता येईल, असे एडमंड हॅली यांनी १७१६ मध्ये दाखविले. त्यानुसार १७६१ व १७६९ च्या अधिक्रमणांसाठी अनेक देशांनी मोहिमा पाठविल्या. शुक्र सूर्याच्या कडेला आत स्पर्श करतो त्या क्षणी दोहोंमध्ये काळ्या थेंबासारखा सांधा दिसत असल्याने नेमकी वेळ ठरविणे कठीण गेले व निष्कर्षांत तफावत पडली. या वेधांचे पुन्हा गणित करून एन्के यांनी १८२४ मध्ये पराशय ८·५७७६ विकला ठरविला. त्यानुसार सूर्याचे अंतर सु. १५·३४ कोटी किमी. व पृथ्वीचा वेग सेकंदाला सु. ३०·५ किमी. होतो. फूको यांच्या प्रयोगाने हे अंतर जास्त असल्याचे दाखविले. पराशयातील ०·१ विकलेच्या चुकीने अंतरात सु. १७ लाख किमी. व वेगात सेकंदाला सु. ०·३४ किमी. फरक पडतो. ८·८ विकला हा कोन किती लहान आहे याची कल्पना २५ मिमी. व्यासाची चकती सु. ५८६ मी. अंतरावरून जेवढी दिसेल त्यावरून येते.

९ डिसेंबर १८७४ चे अधिक्रमण भारतातून दिसणारे होते. रुडकी येथे जे. एफ. टेनंट यांनी, तर बंगालमधील मुद्दापूर येथे प्येत्रो ताक्कीनी यांच्या नेतृत्वाखालील इटालियन मंडळींनी वेध घेतले. मद्रास वेधशाळेतील चिंतामणी रघुनाथाचारी यांनी या अधिक्रमणाविषयी लोकांसाठी पुस्तिका लिहिली. महाराष्ट्रात याच पिढीत पंचांगाच्या आकड्यांना प्रत्यक्ष वेधांची कसोटी लावण्याचा आग्रह सुरू झाला होता. केरो लक्ष्मण छत्रे (१८२५–८४) यांनी ग्रहसाधनाची कोष्टके (१८६०) या ग्रंथाने यूरोपीय गणितावर आधारलेली सूक्ष्म ग्रहस्थाने मराठीत उपलब्ध करून दिली. शंकर बाळकृष्ण दीक्षित (१८५३–९८) यांनी भारतीय ज्योतिषशास्त्र (१८९६) या ग्रंथात जुन्या सिद्धांतांतील मानांची आधुनिक मानांशी तुलना केली. सिद्धांतांतील कोणते आकडे वेधांवर आधारलेले व कोणते गृहीतांवर, हे मराठी वाचकांना समजू शकेल अशी सामग्री त्यामुळे निर्माण झाली. जुन्या ग्रंथांतील कोनमाने अल्प संस्काराने टिकली. अंतरे मात्र टिकू शकली नाहीत.

आधुनिक निर्धारण : १८९८ मध्ये शोध लागलेला एरॉस हा लघुग्रह पृथ्वीच्या बराच जवळ येत असल्याने व बिंदुवत दिसत असल्याने पराशयासाठी शुक्रापेक्षा सोयीचा ठरला. १९००-०१ मधील त्याच्या वेधांवरून ए. आर. हिंक्स यांनी ८·८०६ विकला व १९३०-३१ मधील वेधांवरून एच. स्पेन्सर जोन्स यांनी ८·७९० विकला ही मूल्ये काढली. वर्णपटाच्या साहाय्यानेही कक्षीय वेग मोजता येतो. क्रांतिवृत्ताजवळच्या ताऱ्याकडे पृथ्वी जात असता त्याच्या वर्णपटातील रेषा जांभळ्या टोकाकडे सरकतात व सहा महिन्यांनी ती दूर जात असता तांबड्या टोकाकडे सरकतात. या सरकण्यावरून वेग थेट किमी.मध्ये मिळतो.

१९६१ मध्ये शुक्राकडे रडार तरंग पाठवून त्यांच्या परतीचा काळ मोजण्यात आला व सूर्याच्या अंतरातील अनिश्चितता एकदम पुष्कळ घटली. पुढे अवकाशयानांच्या मार्गनिरीक्षणाने हे अंतर इतके सूक्ष्म झाले की, आंतरराष्ट्रीय ज्योतिषशास्त्रीय संघाने २०१२ मध्ये ज्योतिषशास्त्रीय एकक (पृथ्वी व सूर्य यांमधील सरासरी अंतराइतके मानलेले माप) १४,९५,९७,८७०·७ किमी. असे व्याख्येनेच निश्चित केले. शुक्राची ८ जून २००४ व ६ जून २०१२ ची अधिक्रमणे भारतातून पाहिली गेली; परंतु तोपर्यंत सूर्याच्या अंतरासाठी त्यांची गरज राहिली नव्हती.

वेगाची जाणीव व सापेक्षता : कोल्हापूरच्या अक्षांशावर पृथ्वीच्या परिवलनामुळे प्रत्येक वस्तू सेकंदाला सु. ०·४४५ किमी. वेगाने पूर्वेकडे जात असते. कक्षीय वेग याच्या सु. ६७ पट आहे. मध्यरात्रीच्या सुमारास हे दोन वेग एकाच दिशेचे व मध्यान्हीच्या सुमारास परस्परविरुद्ध असतात. तरीही यांपैकी कशाचीच जाणीव होत नाही, कारण शरीराला वेग नव्हे, तर वेगातील बदल जाणवतो आणि कक्षीय गतीत तो अत्यल्प आहे. सूर्याच्या आकर्षणाने पृथ्वी आपल्या सरळ मार्गापासून सेकंदाला केवळ सु. ३ मिमी. सूर्याकडे वळते. या अवधीत ती सु. ३० किमी. पुढे गेलेली असते. शिवाय पृथ्वीवरील सर्व वस्तू तिच्याबरोबर सारख्याच वळत असल्याने या वळण्याचा धक्का बसत नाही.

प्रकाशाच्या वहनासाठी ईथर नावाचे माध्यम विश्वभर पसरले असावे, अशी एकोणिसाव्या शतकात समजूत होती. या माध्यमाच्या सापेक्ष पृथ्वीचा वेग शोधण्याचा मायकेलसन व मॉर्ली यांचा प्रयोग (१८८७) सेकंदाला ३० किमी. वेग सहज ओळखू शकेल इतका सूक्ष्म होता. पण अपेक्षित परिणाम आढळला नाही. हा निष्कर्ष आइन्स्टाइन यांच्या सापेक्षता सिद्धांताशी (१९०५) सुसंगत ठरला. निरपेक्ष स्थिर असे काही नसून वेग नेहमी कशाच्या तरी सापेक्ष सांगावा लागतो, असे त्यावरून मानले जाऊ लागले. कोल्हापूर येथे जन्मलेले गणितज्ञ विष्णु वासुदेव नारळीकर (१९०८–९१) व त्यांचे पुत्र जयंत विष्णु नारळीकर (१९३८–२०२५) यांचे संशोधन पुढे विस्तारलेल्या व्यापक सापेक्षता सिद्धांताच्या क्षेत्रातील होय.

सेकंदाला २९·७८ किमी. हा पृथ्वीचा वेग सूर्याच्या सापेक्ष आहे. सूर्य आपल्या ग्रहांसह आकाशगंगेच्या केंद्राभोवती सेकंदाला सु. २२० ते २४० किमी. वेगाने फिरतो आणि विश्वात सर्वत्र भरून राहिलेल्या सूक्ष्मतरंग प्रारणाच्या सापेक्ष सूर्यकुलाचा वेग सेकंदाला सु. ३७० किमी. आहे. या दुसऱ्या वेगाच्या मापनात पृथ्वीच्या कक्षीय वेगामुळे वर्षभर लहानसा चढउतार दिसतो व तो आधी वजा करावा लागतो.